‘राजपूत’ नौकेचें खरें यश

गतवर्षीं आमच्या अंधेरीच्या शाळेंत निबंधस्पर्धा झाली. ‘राजपूत’ या विनाशिकेविषयीं बहुतेक मुलांनीं एकच वाक्य लिहिलें : तिनें पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडविली. वाक्य देशाभिमानाचें खरें. परंतु त्या नौकेचा इतिहास एवढाच आहे काय?

ही नौका मूळची इंग्रजांची. स्कॉटलंडांतील क्लाइडबँक येथें ती बांधली गेली व 1942 सालीं ‘रॉदरहॅम’ या नांवानें त्यांच्या आरमारांत दाखल झाली. सप्टेंबर 1945 मध्यें सिंगापूरच्या नाविक तळावरील जपानी शरणागति तिच्याच कप्तानानें स्वीकारली. पुढें 1949 सालीं ‘रणजित’ व ‘राणा’ या भगिनींसह ती स्वतंत्र भारताकडे आली. आपल्या आरमाराच्या पहिल्या विनाशिका त्या ह्याच.

1971 सालीं ती निवृत्तीच्या उंबरठ्यावर होती. विमानवाहू ‘विक्रांत’ दूर अंदमानाकडे होती. पण ती विशाखापट्टणमजवळच आहे असा शत्रूचा समज व्हावा, म्हणून व्हाइस ॲडमिरल कृष्णन् यांनीं या वृद्ध नौकेस पुढें केलें. मोठ्या नौकेचें सोंग घेऊन ती बिनतारी संदेश पाठवीत राहिली. विक्रांतवर यावयाचें संकट तिनें जाणूनबुजून आपल्या अंगावर घेतलें. 3 डिसेंबरच्या रात्रीं बंदराबाहेर पडतांना पाणबुडीचा संशय येऊन तिनें पाण्याखालीं फुटणारे बाँब टाकले. त्याच रात्रीं ‘गाझी’ नव्वदांहून अधिक खलाशांसह समुद्रतळास गेली. भारतीय आरमार याचें श्रेय राजपूतला देतें. पाकिस्तान तो अपघात मानतें. वाद अद्याप मिटलेला नाहीं.

असला वाद मुलांस सांगून त्यांचा अभिमान कां डळमळवावा, असें कोणी विचारील. आम्हांस उलट वाटतें. गाझी कशी बुडाली याविषयीं मतभेद असोत; पण जी तरुण व बलवान होती तिच्या जागीं एक जीर्ण नौका संकटापुढें उभी राहिली, याविषयीं मतभेद नाहींत. तेंच तिचें खरें यश होय, व त्यास अतिशयोक्तीच्या टेकूची गरज नाहीं. शिवाय बुडालेले खलाशीही कोणाचे तरी पुत्र होते, हें विसरून मिळविलेला अभिमान काय कामाचा?

1976 सालीं राजपूत निवृत्त होऊन मोडींत निघाली. जिच्यासाठीं तिनें सोंग घेतलें ती विक्रांतही 2014 सालीं आमच्याच मुंबईंत, दारूखान्यांत, तोडली गेली. लोखंड राहत नाहीं. मागें राहते ती हकीकत. ती तरी आम्हीं मुलांच्या हातीं खरी द्यावी.