चाकावरचा इतिहास

जुन्या शर्यतीच्या मोटारीची लहान प्रतिकृति घरीं करणाऱ्यांना सांगाडा, एंजिन, चाकांचे आरे हीं सर्व अंगें उत्तम साधतात. पण शेवटीं टायर चढले कीं तीच वस्तु खेळणें भासूं लागते. असें कां व्हावें, याचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

पहिली चूक रंगाची. टायर काळाच असावयाचा, हा समज आजच्या रस्त्यांवरून बनलेला आहे. आरंभींच्या टायरांच्या रबरांत झिंक ऑक्साइड मिसळीत. त्यामुळें ते पांढुरके किंवा करडे दिसत. काजळी घातलेलें रबर कितीतरी अधिक टिकतें, हें जाणून कारखानदार ती वापरूं लागले ते १९१० नंतर. १९०६ सालीं ल मांजवळ पहिली फ्रेंच ग्रां प्री झाली, तींत फेरेन्स सिस हा रेनो मोटारीवर विजयी झाला. रिमसकट बदलतां येणाऱ्या मिशलँ टायरांचा त्या यशांत मोठा वाटा होता. अशा मोटारीला कोळशासारखे काळे टायर चढविणें म्हणजे पेशवाईच्या चित्रांत विजेचा दिवा टांगणें होय.

दुसरी चूक मापाची. ८८० × १२० मिलिमीटर हें त्या काळचें एक प्रचलित माप. १:८ प्रमाणांत त्याचा व्यास ११० व रुंदी अवघी १५ मिलिमीटर येते. असा अरुंद टायर स्वतःच ओतावा. लेथवर ॲल्युमिनियमचा नमुना कातून त्यावरून सिलिकोन रबराचा दोन भागांचा साचा करावा; त्यांत करडा रंग मिसळलेलें पॉलियुरेथेन रबर बारीक धारेनें ओतावें, म्हणजे बुडबुडे कमी राहतात. काम खिडक्या उघडून, हातमोजे घालून करावें. स्वयंपाकाचीं भांडीं त्याला मुळींच लावूं नयेत. निघालेला टायर पॉलिशपेपरनें हलकेच घासला कीं चकाकी जाते.

मऊ व्हिनाइलचे तयार टायर मात्र पॉलिस्टिरीनच्या चाकांवर चढवूं नयेत. त्यांना मऊपणा आणणारें द्रव्य कालांतरानें पाझरून चाकच विरघळवितें, आणि कित्येक महिन्यांची मेहनत कपाटांतल्या कपाटांत नासते.

पुस्तकांतील चूक पुढील आवृत्तींत सुधारते. हातानें घडविलेल्या वस्तूंतील चूक दिवाणखान्यांत तशीच उभी राहते, आणि घरांतील मुलें तिच्यावरूनच त्या काळाची कल्पना बांधतात. म्हणून वडील मंडळींनीं या उद्योगाला पोरखेळ न म्हणतां, ही मोटार कोणत्या सालची, एवढेंच विचारावें. उत्तरासाठीं मुलगा जुनीं छायाचित्रें धुंडाळूं लागेल, आणि टायरचा खरा रंग त्याला तेथेंच सांपडेल.