क्रियापदाचा हट्ट कशासाठी?

यादीच्या पोटातल्या याद्या उलगडून एकच सपाट यादी करणारी नवी सोय जावास्क्रिप्टमध्ये यायची होती. नाव ठरले होते ‘फ्लॅटन’. मार्च २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच एक संकेतस्थळ मोडले. ‘मूटूल्स’ या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधी वापरले होते. अखेर मे महिन्यात प्रमाणन समितीने ‘फ्लॅट’ हे नाव स्वीकारले.

कालबाह्य लायब्ररीपुढे भाषेने का वाकावे, असा त्रागा तेव्हा पुष्कळांनी केला. क्रियापदाच्या जागी विशेषण आले, हे व्याकरण शिकवणाऱ्या आम्हालाही खटकते. तरीही समितीचेच बरोबर होते, असे आमचे ठाम मत आहे.

१९६२ च्या नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले. पण त्यामुळे जुनी पुस्तके मुकी झाली नाहीत. वाचक अडखळतो, संदर्भाने सावरतो आणि पुढे जातो. यंत्राला असे सावरता येत नाही. ज्या पानांना दुरुस्त करणारे आज कोणी उरलेले नाही, ती कायमची मोडतील. भाषा घडवणाऱ्यांच्या सौंदर्यदृष्टीची किंमत त्या पानांच्या वाचकांनी का मोजावी?