फुकट इंजिनाचं बिल कोण भरतं?

रेक्टर सरांनी रात्री दहानंतर कॉमन रूमला कुलूप लावायला सुरुवात केली आणि आमचा कॅरम बंद पडला. टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टचा विषय आम्हाला असा मिळाला! "टू-डी कॅरम सिम्युलेशन" असं भारदस्त नाव देऊन आम्ही चौघांनी सिनॉप्सिस टाकला.

पहिल्याच आठवड्यात कळलं की कॅरम खेळणं सोपं, कॅरम लिहिणं अवघड. दोन सोंगट्यांची टक्कर अकरावीच्या फिजिक्सवर भागते. पण पहिल्या फोडीला १९ सोंगट्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि सगळ्या एकदम एकमेकींना ढकलतात. आमच्या कोडमध्ये त्या एकमेकींत घुसायच्या, थरथरायच्या, आणि जोरात मारलेला स्ट्रायकर चक्क सोंगटीच्या आरपार जायचा. कारण कॉम्प्युटर वेळ तुकड्यातुकड्यांनी मोजतो. एका तुकड्यात स्ट्रायकर अलीकडे, पुढच्या तुकड्यात पलीकडे. मधली धडक झालीच नाही. शेवटी आम्ही बॉक्स-टू-डी नावाचं इंजिन उतरवून घेतलं. त्यात स्ट्रायकरला 'बुलेट' अशी खूण केली की इंजिन मधलं अंतरही तपासतं. दोन रात्रींत खेळ चालू! खर्च शून्य रुपये.

माझा रूम पार्टनर म्हणाला, "एवढं भारी काम फुकट वाटतो म्हणजे येडाच असणार कोणीतरी."

मलाही तसंच वाटलं होतं. पण सगळं 'फुकट' एका जातीचं नसतं. आपल्या गेटबाहेरचा झेरॉक्सवाला घ्या. टॉपरच्या नोट्स तो सगळ्यांना खुशाल दाखवतो, नोट्सचे पैसे घेत नाही. पैसे पानांचे. गेम फिजिक्सच्या धंद्यात मोठ्या कंपन्यांनी हेच केलं. एजिया नावाच्या कंपनीने २००६ मध्ये फक्त फिजिक्सचं गणित करणारं वेगळं कार्ड बाजारात आणलं, किंमत सुमारे ३०० डॉलर. ते खपायचं तर त्यावर चालणारे गेम हवेत. म्हणून फिजएक्स हे सॉफ्टवेअर गेमवाल्यांना फुकट. कार्ड फारसं चाललं नाही, पण २००८ मध्ये एनव्हिडियाने ती कंपनीच विकत घेतली आणि फिजएक्स आपल्या ग्राफिक्स कार्डांवर चालवलं. सॉफ्टवेअर फुकट, पैसे कार्डाचे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तर सोर्स कोडसुद्धा खुला केला.

डब्लिनच्या हॅवोकची गोष्ट जरा वेगळी. १९९८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी सरळ लायसन्स विकून जगायची; २००४ च्या 'हाफ-लाइफ २' मधल्या वस्तू ज्या झोकात पडतात-आदळतात, ते काम हॅवोकचं. २००७ मध्ये तिला इंटेलने घेतलं आणि पुढच्याच वर्षी पीसीसाठी, बिगर-व्यावसायिक वापराला, मोफत डाउनलोड सुरू झालं. इंटेल प्रोसेसर विकते. फिजिक्सचं गणित प्रोसेसरवर झालेलं तिला हवंच होतं. (२०१५ मध्ये हॅवोक मायक्रोसॉफ्टकडे गेली.)

तिसरी तऱ्हा उधारीची. अनरियल इंजिन वापरा, शिका, पैसे नकोत. तुमचा गेम धावला, तर २०२० पासूनच्या नियमाने, पहिले दहा लाख डॉलर तुमचे आणि त्यापुढच्या कमाईवर ५ टक्के त्यांचे. मला हे सगळ्यात सरळ वाटतं. निदान बिल कधी येणार ते आधी माहीत असतं. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये अचानक इन्स्टॉलमागे फी जाहीर केली तेव्हा चालू गेमवाल्यांची जी धावपळ झाली, ती बघण्यासारखी होती. वर्षभराने ती फी मागे घेतली, पण विश्वास काय परत डाउनलोड होत नाही.

आता येतात खरे 'येडे'. बॉक्स-टू-डीचा कर्ता एरिन कॅटो. २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्ससाठी केलेल्या डेमोमधून हे इंजिन निघालं, आणि त्याने ते कार्ड, टक्केवारी असलं काही न लावता देऊन टाकलं. २००९ मध्ये 'अँग्री बर्ड्स' आला. पक्षी उडतात, डुकरांची घरं कोसळतात, ते सगळं या इंजिनावर! २०११ च्या त्याच कॉन्फरन्समध्ये रोव्हियो कंपनीचं भाषण झाल्यावर श्रोत्यांतून एकाने विचारलं, तुमच्या गेममध्ये कोणतं फिजिक्स इंजिन आहे? उत्तर आलं, बॉक्स-टू-डी. मग गेममध्ये त्याचं नाव द्याल का? विचारणारा स्वतः कॅटो होता.

त्या वेळच्या लायसन्सनुसार नाव देणं सक्तीचं नव्हतं, दिलंत तर बरं वाटेल एवढंच होतं. म्हणजे कायद्याने रोव्हियोचं काही चुकलं नव्हतं. तरी तो प्रश्न वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. कारण आमच्या कोडमध्ये मी काय केलं होतं ते मला माहीत होतं.

आम्ही घेतलेल्या आवृत्तीला एमआयटी लायसन्स आहे. त्याची अट एकच: कॉपीराइटची ती नोंद कोडबरोबर ठेवा. ती प्रत्येक फाइलच्या डोक्यावर असते. सबमिशनच्या आदल्या रात्री मी फाइंड-रिप्लेस मारून ती सगळ्या फाइलींतून उडवली. कारण साधं, एक्स्टर्नलना वाटावं की फिजिक्स आम्हीच लिहिलं. जगातली सगळ्यात स्वस्त अट, आणि मी तीच मोडली.

ओरलला सरांनी सरळ एका फंक्शनवर बोट ठेवलं. "हे का केलंय?" मी गप्प. चौघेही गप्प. मग मी खरं सांगून टाकलं. सर चिडतील वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं, "मग यात तुमचं काय?" तेव्हा आमचं घर्षणाचं कोड दाखवलं. इंजिनमधल्या डॅम्पिंगने वेग जितका जास्त तितका अडथळा जास्त होतो. सोंगटी शेवटी रेंगाळत राहते, पावडर टाकलेल्या बोर्डावर असं होत नाही. तिथे अडथळा जवळजवळ कायम असतो आणि सोंगटी ठाम थांबते. ते आम्ही वेगळं लिहिलं होतं. आमचे जे काही मार्क आले, ते त्या चाळीसेक ओळींचे.

पार्टनरचं म्हणणं अजून तेच आहे, फुकट दिलंय तर नाव कशाला? पण या लोकांची कमाई नावावरच चालते. बुलेट या खुल्या इंजिनाचा कर्ता अर्विन कुमन्स हॅवोक, सोनी, एएमडी, गुगल अशा ठिकाणी नोकरीला होता, आणि २०१५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने त्याला त्या इंजिनासाठी तांत्रिक पुरस्कार दिला. पगार कंपनी देते, पण माणूस कंपनीच्या नजरेत येतो तो कोडवरच्या नावामुळे. ते पुसणं म्हणजे मेसचं बिल बुडवण्यासारखंच, आणि आम्हाला तर तीन शब्दांचं बिल होतं.

आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये आभाराचं पान आहे. त्यात प्राचार्य, एच.ओ.डी., गाइड, आई-वडील, लॅब असिस्टंट सगळे येतात. वापरलेल्या कोडचे कर्ते आणि त्यांचं लायसन्स लिहायला जागा नाही, म्हणून कोणी लिहीत नाही, आणि लिहिलं तर मार्क जातील अशी भीती आहे. विभागाला विनंती आहे, या वर्षी ब्लॅक बुक बाइंडिंगला जायच्या आत ते एक पान वाढवा. आमच्या रिपोर्टमध्ये मी ते पान हाताने लिहून चिकटवलंय, लायब्ररीच्या कपाटात आहे.