‘माहीत नाही’ म्हणायला लाज कसली?

सल्ला केंद्रात येणाऱ्या मुस्लिम बायका पोटगीचं नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘‘ताई, नवरा रागात तीनदा म्हणाला. मी अजून त्याची बायको आहे का? त्या घरात राहिले तर गुनाह होईल?’’

हाच प्रश्न तिने आधी सासूला, शेजारणीला, मोहल्ल्यातल्या कुणा जाणत्याला विचारलेला असतो. प्रत्येकाने बेधडक उत्तर दिलेलं असतं. कुणी म्हणतं, झाला तलाक, नीघ घरातून. कुणी हलाला सुचवतं. आपण कार्यकर्त्याही मागे नाही. ‘इस्लाममध्ये असं नाहीच मुळी’ हे आपल्यातल्या कितीजणी एकही पान न वाचता सांगतात! हेतू चांगला. पण घरी दिराने ‘कुठे लिहिलंय?’ म्हटलं की ती एकटी पडते.

कायद्याचं उत्तर मात्र आपल्याला आलंच पाहिजे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो शिक्षापात्र गुन्हा झाला. कायद्याने तिचं लग्न शाबूत आहे.

धर्माचा प्रश्न वेगळा. एका बैठकीतले तीन तलाक हनफी परंपरेत तीनच धरतात. अहले हदीस एक धरतात, म्हणजे इद्दतीच्या मुदतीत नवरा तलाक मागे घेऊ शकतो. एका उत्तराने संसार मोडतो, दुसऱ्याने टिकतो. (तिला तो टिकवायचाय का, हे कुणी विचारतच नाही.) इथे अंदाजाने बोलणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ.

मदिनेचे इमाम मालिक, ज्यांच्या नावाने मालिकी परंपरा चालते, त्यांच्याबद्दल सांगतात की अठ्ठेचाळीस प्रश्नांपैकी बत्तिसांना त्यांनी ‘ला अद्री’, मला माहीत नाही, एवढंच उत्तर दिलं. मग गल्लीतल्या स्वयंघोषित मुफ्तींना आणि आपल्याला एवढी कसली घाई? आणि जाणकार म्हणजे पुरुषच, असंही नाही. पैगंबरांचे सहकारी अवघड शंका हजरत आयेशांना विचारत.

पण ‘माहीत नाही’ म्हणून तिला दारातूनच परत पाठवणं ही पळवाट झाली. तिच्याबरोबर जाणकाराकडे जायला हवं. हे कोणत्या परंपरेचं मत, आधार कोणता, इतरांचं मत वेगळं आहे का, हे तिच्या वतीने नव्हे, तिला विचारू द्यावं. आणि उत्तर लेखी मागावं. लेखी म्हटलं की भलेभले दोन दिवसांची मुदत मागतात.