आंतरजालातील मार्ग-अस्थिरतेचे मापन

मार्ग-अस्थिरता म्हणजे आंतरजालावरील एखाद्या ठिकाणाकडे जाणारा मार्ग थोड्या अवधीत वारंवार बदलणे, नाहीसा होणे किंवा पुन्हा प्रकट होणे होय. आंतरजालातील स्वतंत्र जाळी एकमेकांना असे बदल बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल अर्थात बीजीपी या नियमावलीनुसार ‘अपडेट’ संदेशांद्वारे कळवतात. या संदेशांची नोंद, मोजणी व वर्गीकरण करून अस्थिरतेचे प्रमाण आणि कारण ठरवले जाते. भारतात या विषयाचा विशेष संबंध मुंबईशी येतो. कारण देशाला पश्चिम आशिया व युरोपशी जोडणाऱ्या प्रमुख सागरी केबली येथे किनाऱ्याला लागतात आणि अनेक मोठ्या सेवापुरवठादारांची जाळी येथे एकमेकांना मिळतात. मुंबईशी संबंधित २००८, २०१५, २०२१ व २०२५ मधील घटनांवरून असे दिसते की, संदेशांची संख्या आणि वापरकर्त्यांना बसणारी झळ यांचे प्रमाण सरळ नसते.

पार्श्वभूमी

आंतरजाल हे हजारो ‘स्वायत्त प्रणालीं’चे बनलेले आहे. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका वा संकेतस्थळे चालवणाऱ्या संस्था यांच्या अशा प्रणाली असतात व प्रत्येकीला एक क्रमांक दिलेला असतो. आयपी पत्त्यांच्या सलग गटाला प्रीफिक्स म्हणतात. आपल्याकडे कोणते प्रीफिक्स आहेत हे प्रत्येक प्रणाली शेजारच्या प्रणालींना कळवते. याला उद्घोषणा म्हणतात. मार्ग उपलब्ध नसेल, तर माघारीचा संदेश पाठवला जातो. बीजीपीची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. सध्या वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीचा प्रमाणग्रंथ जानेवारी २००६ चा आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. देशांतर्गत वाहतूक परदेशी न जाता देशातच अदलाबदल व्हावी, यासाठी जून २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी, ही संस्था स्थापन झाली. मुंबई हे तिच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक होय. पुढे डीई-सीआयएक्स मुंबईसारखी खासगी विनिमय केंद्रेही येथे उभी राहिली.

अपडेट संदेश कसे वाढतात

उदाहरणादाखल, शीव कोळीवाड्यासारख्या दाट वस्तीत घरोघरी जोडणी देणारा एखादा लहान सेवापुरवठादार घेता येईल. त्याच्याकडे २५६ पत्त्यांचा एक प्रीफिक्स असून त्याने दोन मोठ्या कंपन्यांकडून जोडणी घेतली आहे, असे मानू. रस्त्याच्या खोदकामात पहिल्या कंपनीकडील फायबर तुटली, तर ती कंपनी दुसऱ्या कंपनीमार्फत जाणारा लांबचा मार्ग निवडते आणि तो आपल्या शेजाऱ्यांना नव्याने कळवते. हा एकच बदल जगभरच्या राउटरांपर्यंत जातो.

दोन्ही फायबर तुटल्या, तर स्थिती अधिक गुंतागुंतीची होते. दूरच्या राउटरांना मूळ बिघाड कोठे झाला हे कळत नाही. केवळ एक मार्ग गेल्याचे कळते. म्हणून ते आपल्याजवळ असलेले, प्रत्यक्षात निरुपयोगी झालेले, जुने पर्याय एकामागून एक निवडत जातात आणि दर वेळी नवा संदेश पाठवतात. याला मार्ग-चाचपणी म्हणता येईल. सर्व पर्याय संपल्यावरच माघार सर्वत्र पोहोचते. हा ओघ आवरण्यासाठी एका प्रीफिक्सविषयीच्या दोन उद्घोषणांमध्ये किमान अंतर ठेवण्याची तरतूद असून, बाह्य जोडण्यांसाठी ते ३० सेकंद सुचवलेले आहे. त्यामुळे संदेश कमी होतात. मात्र काही वेळा खरी स्थिती कळण्यास विलंबही होतो.

मापनाची साधने

अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचा ‘राउट व्ह्यूज’ आणि युरोपातील राइप एनसीसी या संस्थेची ‘राउटिंग इन्फर्मेशन सर्व्हिस’ हे मापनाचे दोन प्रमुख सार्वजनिक प्रकल्प आहेत. त्यांचे संकलक विविध देशांतील राउटरांशी जोडलेले असतात. ते वाहतूक वाहून नेत नाहीत. फक्त मिळालेले संदेश वेळेसह नोंदवतात. आशिया-प्रशांत क्षेत्रातील पत्त्यांचे वाटप करणाऱ्या एपनिक या संस्थेतील शास्त्रज्ञ जेफ ह्यूस्टन यांनी अपडेट संदेशांच्या वार्षिक आढाव्यांची दीर्घ मालिका प्रसिद्ध केली आहे.

काही प्रीफिक्स केवळ प्रयोगासाठी राखलेले असतात. त्यांना बीकन म्हणतात. राइपचे बीकन ठरलेल्या वेळी उद्घोषित केले जातात व दोन तासांनी मागे घेतले जातात. बदल नेमका केव्हा घडवला हे ठाऊक असल्याने तो जगभर पोहोचण्यास किती वेळ लागला आणि त्यापोटी किती संदेश निर्माण झाले, हे अचूक मोजता येते.

संदेशांचे वर्गीकरण

क्रेग लॅबोविट्झ, रॉबर्ट मलान आणि फर्नाम जहानियन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. अमेरिकेतील विनिमय केंद्रांवरील नोंदींमध्ये त्यांना दररोज ३० ते ६० लाख अपडेट आढळले. त्या काळी संपूर्ण मार्गकोष्टकात चाळीस हजारांहून थोडे अधिक प्रीफिक्स होते. यांतील सुमारे ९९ टक्के संदेश जाळ्याच्या रचनेतील कोणताही खरा बदल दाखवत नव्हते. एका प्रकारचे राउटर, पूर्वी ज्या शेजाऱ्याला मार्ग कळवलाच नव्हता त्यालाही, माघारीचे संदेश पाठवत होते. याच संशोधकांच्या गटाने पुढे कृत्रिम बिघाड घडवून केलेल्या प्रयोगांत, जाळ्याला नव्या स्थितीत स्थिरावण्यास सरासरी सुमारे ३ मिनिटे, तर काही वेळा १५ मिनिटांपर्यंत अवधी लागल्याचे दिसले.

या अभ्यासांनंतर अपडेटांची केवळ बेरीज पुरेशी मानली जात नाही. संदेश साधारणपणे पुढील प्रकारांत विभागले जातात:

* मार्ग गेला व दुसऱ्या मार्गाने परतला: हा बहुधा रचनेतील खरा बदल असतो.
* तोच मार्ग गेला व परत आला: ही मार्गाची उघडझाप होय, सैल जोडणी वा अस्थिर उपकरण हे तिचे नेहमीचे कारण असते.
* मार्ग न जाता त्याचे गुणधर्म बदलले: हा पुष्कळदा एखाद्या संस्थेच्या अंतर्गत धोरणातील बदल असतो.
* आधीच्याच संदेशाची पुनरावृत्ती: यातून नवी माहिती मिळत नाही.

संदेशांची वाटणीही अतिशय विषम असते. मोजक्या प्रीफिक्सांकडून एकूण संदेशांचा मोठा हिस्सा येतो, तर बहुसंख्य प्रीफिक्स दिवसेंदिवस शांत असतात.

अवमंदनाचा उपाय व त्याचे दुष्परिणाम

वारंवार उघडझाप करणारा मार्ग काही काळ दुर्लक्षित करण्याच्या पद्धतीला मार्ग-अवमंदन म्हणतात. तिचे प्रमाणीकरण नोव्हेंबर १९९८ मध्ये झाले. प्रत्येक उघडझापेला दंडगुण दिले जातात आणि ठरावीक अर्धकाळाने ते निम्मे होतात. एका प्रचलित मांडणीत प्रत्येक माघारीला १,००० गुण, मार्ग रोखण्याची सीमा २,०००, पुन्हा स्वीकारण्याची सीमा ७५० आणि अर्धकाळ १५ मिनिटे असे. वर उल्लेखलेल्या पुरवठादाराचा मार्ग लागोपाठ तीनदा गेला, तर गुण ३,००० च्या जवळ पोहोचतात. ते १५ मिनिटांनी १,५०० आणि ३० मिनिटांनी ७५० होतात. म्हणजेच फायबर जोडून झाल्यावरही काही जाळ्यांना तो ग्राहकवर्ग अर्ध्या तासापर्यंत दिसत नाही.

२००२ मधील एका अभ्यासाने यातील मूलभूत दोष दाखवला. मार्ग-चाचपणीत निर्माण होणारे संदेश राउटर उघडझाप समजतात. त्यामुळे एकदाच गेलेला व परतलेला मार्गही तासभर रोखला जाऊ शकतो. या कारणाने राइपच्या राउटिंग कार्यगटाने २००६ मध्ये अवमंदन न वापरण्याची शिफारस केली. जानेवारी २०१३ मध्ये रोखण्याची सीमा किमान ६,००० ठेवून त्याचा मर्यादित वापर पुन्हा सुचवण्यात आला. मोजणीतील चुकीचे वर्गीकरण प्रत्यक्ष सेवेवर कसे उलटते, याचे हे उदाहरण आहे.

मुंबईशी संबंधित घटना

सागरी केबलींचे बिघाड

प्रभादेवी, वांद्रे-कुर्ला संकुल आणि वर्सोवा येथील केंद्रांमुळे मुंबई आंतरराष्ट्रीय केबलींचे महत्त्वाचे उतारस्थान ठरले. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ व फ्लॅग युरोप-एशिया या दोन केबली तुटल्या आणि भारताच्या पश्चिमेकडील क्षमतेचा मोठा भाग नाहीसा झाला. वाहतूक पूर्वेकडून, आशिया-प्रशांत क्षेत्रातील केबलींवरून, वळवावी लागली. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबलींत बिघाड झाला. या दोन्ही केबली मुंबईत उतरतात.

अशा बिघाडात माघारी व नव्या उद्घोषणांची लाट उसळते आणि पर्यायी मार्ग सापडताच ओसरते. त्यानंतर मार्गकोष्टक स्थिर दिसते. तथापि, वळवलेला मार्ग लांब व गर्दीचा असल्याने प्रत्यक्ष सेवा केबलची दुरुस्ती होईपर्यंत संथ राहू शकते. येथे संदेशांची संख्या बिघाडाची सुरुवात दाखवते, त्याचा कालावधी दाखवत नाही.

मार्गगळती व चुकीच्या उद्घोषणा

१२ मार्च २०१५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी मुंबईस्थित हॅथवे या ब्रॉडबँड कंपनीकडून गूगलचे ३०० हून अधिक प्रीफिक्स चुकून भारती एअरटेलला कळवले गेले. एअरटेलमार्फत ते इतर देशांत पसरले आणि परदेशांतील काही वापरकर्त्यांची गूगलकडे जाणारी वाहतूक भारतात वळली. परिणामी काही काळ गूगलच्या सेवा अनेकांना मिळू शकल्या नाहीत. एकूण संदेशांच्या तुलनेत ही संख्या नगण्य होती आणि मार्ग उघडझाप करत नव्हते. ते स्थिर, पण चुकीचे होते.

१६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या स्वायत्त प्रणालीने इतरांचे ३०,००० हून अधिक प्रीफिक्स सुमारे १० मिनिटे आपलेच असल्यासारखे उद्घोषित केले. या कंपनीचे कॉर्पोरेट कार्यालय मुंबईत आहे. या वेळी संदेशांची संख्या एकदम वाढल्याने निरीक्षकांच्या ती लगेच लक्षात आली.

या दोन घटनांमधील भेद उपायाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दुसऱ्या घटनेत प्रीफिक्सचा मूळ धारक चुकीचा दाखवला गेला होता. प्रीफिक्सधारकाने आरपीकेआय या प्रमाणपत्र-पद्धतीत नोंद केली असेल व राउटर ती तपासत असतील, तर अशा उद्घोषणा नाकारता येतात. पहिल्या घटनेत मूळ धारक बरोबर होता. मधला मार्ग अयोग्य होता. अशी गळती केवळ मूळ-तपासणीने थांबत नाही. तिच्यासाठी शेजाऱ्याशी असलेले नाते ग्राहकाचे, पुरवठादाराचे की बरोबरीचे, हे बीजीपीतच नोंदवण्याची पद्धत मे २०२२ मध्ये प्रमाणित झाली.

मापनाच्या मर्यादा

संकलकाची एखाद्या राउटरशी असलेली जोडणी तुटून पुन्हा सुरू झाली, की तो राउटर आपले संपूर्ण कोष्टक नव्याने पाठवतो. हे लक्षात न घेतल्यास लाखो संदेशांची खोटी लाट दिसते. तसेच संकलक जेथे आहेत तेथूनच जग दिसते. मुंबईतील दोन कंपन्यांमध्ये थेट होणारी अदलाबदल परदेशातील संकलकापर्यंत पोहोचेलच असे नाही.

तिसरी मर्यादा शेवटच्या टप्प्याची आहे. मोठी कंपनी हजारो ग्राहकांचे पत्ते एकाच मोठ्या प्रीफिक्समध्ये एकत्र करून उद्घोषित करते. एखाद्या गल्लीतील केबल तुटली वा वस्तीतील वीज गेली, तरी तो प्रीफिक्स कायम राहतो. त्यामुळे संपूर्ण शीव कोळीवाडा सेवेविना असतानाही मार्गकोष्टकात एकही बदल न दिसणे शक्य आहे. म्हणून बीजीपीच्या नोंदींना प्रत्यक्ष संदेश पाठवून घेतलेल्या विलंब व पोहोच-चाचण्यांची जोड देणे आवश्यक ठरते.

सद्यस्थिती

१२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक मार्गकोष्टकाने ५ लाख १२ हजार नोंदींची सीमा ओलांडली, तेव्हा जुन्या राउटरांची स्मृती अपुरी पडून अनेक ठिकाणी सेवा विस्कळीत झाली. त्यानंतरच्या दशकात आयपीव्ही४ चे कोष्टक १० लाख नोंदींच्या जवळ पोहोचले. जाळे दाट होत गेले, तरी अपडेटांची संख्या कोष्टकाच्या प्रमाणात वाढली नाही, असे ह्यूस्टन यांच्या आढाव्यांतून दिसते. दाट जोडणीमुळे मार्ग आखूड राहिले, हे त्याचे एक कारण मानले जाते. मात्र मार्गांची ही स्थिरता सेवेच्या विश्वासार्हतेची हमी ठरत नाही. २०१५ ची गळती थोड्या संदेशांत घडली, तर २०२५ मधील केबल-बिघाडाचा परिणाम मार्ग स्थिरावल्यानंतरही जाणवू शकणारा होता. त्यामुळे किती संदेश आले यासोबत ते कोणत्या प्रकारचे होते, कोठून पाहिले गेले आणि त्या वेळी वाहतूक प्रत्यक्षात पोहोचत होती का, या तिन्ही बाबी मापनात नोंदवाव्या लागतात.