आभासी शेअर बाजार आणि आपली मुले

शाळेत शेअर बाजार शिकवावा, असे म्हटले की आपल्यापैकी अनेक पालक बिचकतात. हा जुगार आहे आणि तथागतांनी जुगार वर्ज्य सांगितला आहे, असा त्यांचा आक्षेप असतो. आक्षेप प्रामाणिक आहे. सिगालोवाद सुत्तात जुगार हे धननाशाचे एक कारण सांगितले आहे, हे खरेच. परंतु त्याच सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगावा, दोन उद्योगात घालावेत व चौथा आपत्काळासाठी राखावा, अशीही शिकवण आहे. धन उधळणे आणि धन गुंतवणे यांतील हा भेद मुलांना शाळेतच कळावा, म्हणून नववीच्या वर्गात आभासी शेअर व्यवहाराचा उपक्रम घ्यावा, असे आमचे मत आहे.

या विषयाशी आपले नाते जुने आहे. 1917 साली बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा सल्लागार अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली व पेढी बंद पडली. आज डिमॅट खाते उघडताना कोणी जात विचारत नाही. मात्र तयारीवाचून आत जाणाऱ्याचे काय होते, तेही आपल्यासमोर आहे. सेबीच्या 2024 मधील पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. पहिल्या पिढीचा पगारदार तरुण मोबाइलवर आलेल्या 'टिप'वर पैसे लावतो, तेव्हा त्याच्या मागे ना शेती असते, ना वडिलोपार्जित भांडवल. बुडते ते धाकट्या भावंडांचे शिक्षण.

खामगावच्या मुलांना हा धडा आपल्याच मातीतून देता येईल. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसातून मुंबईत आलेल्या पैशावर नव्या कंपन्यांचे शेअर अनेक पटींनी चढले. युद्ध संपले, कापूस उतरला आणि 1865 च्या जुलैत मुंबईच्या अनेक पेढ्या कोसळल्या. भाव का चढतो व का पडतो, हे ज्याला या इतिहासातून उमगले, तो आजच्या 'टिप'ला सहज भुलणार नाही.

उपक्रमाची पद्धत साधी असावी. प्रत्येक गटास एक लाख काल्पनिक रुपये द्यावेत. भाव किमान तीन महिन्यांपूर्वीचे घ्यावेत. आभासी खेळांसाठी चालू भाव पुरवण्यास सेबीने मे 2024 मध्ये शेअर बाजारांना मनाई केलीच आहे. दर खरेदीचे कारण वहीत लिहावे, दलाली व कर वजा करावेत. एका गटाने सर्व रक्कम टपाल खात्याच्या मुदत ठेवीत ठेवावी, म्हणजे तुलना होईल. गुण नफ्याला नव्हे, लिहिलेल्या कारणांना द्यावेत.

या उपक्रमात एक उणीव आहे. काल्पनिक पैसा बुडाला तर झोप उडत नाही. म्हणून वर्षातून दोनदा शिक्षकाने चिठ्ठी काढावी: आईचे आजारपण, बहिणीची फी, नापिकी. त्या गटाने त्या दिवशीच्या भावाने शेअर विकून रक्कम उभी करावी. ज्यांनी आपत्काळाचा चौथा भाग राखला नसेल, त्यांना तो का राखायचा, हे तोटा सोसून विकताना कळेल.

बँकेत, विमा कंपनीत वा हिशेब खात्यात असलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एकच मागणे आहे. देणगीबरोबर वर्षातला एक रविवारही शाळेला द्यावा. मुलांच्या वह्या तपासाव्यात आणि 'हा शेअर का घेतलास?' एवढे प्रत्येकाला विचारावे.