पाचवा बुधवार : प्रकाशनाचे वेळापत्रक आणि स्फुट अंकाचे रूप

नियतकालिकातून प्रसिद्ध होणाऱ्या वाङ्मयाचा विचार करताना आपण लेखक, आशय आणि फार तर संपादकाचे धोरण यांची दखल घेतो. ते नियतकालिक कोणत्या वारी निघत होते, महिन्यातून किती वेळा निघत होते, दोन अंकांमधल्या रिकाम्या अवकाशाचे संपादक काय करीत होता, हे प्रश्न मात्र आपल्याला छापखान्याच्या हिशेबवहीतले वाटतात. ‘वाङ्मयबाह्य’ हा शब्द अशा वेळी फार उपयोगी पडतो. तो एकदा उच्चारला की पुढचे काही वाचावे लागत नाही. माझे मत याच्या विरुद्ध आहे. प्रकाशनाचे वेळापत्रक हे वाङ्मयाच्या रूपबंधाचे एक कारण असते आणि काही वेळा तर तेच प्रमुख कारण असते. हे दाखविण्यासाठी मी मुद्दाम असे उदाहरण घेत आहे की ज्याला आपल्या विभागांमध्ये अद्याप फारशी प्रतिष्ठा नाही. अमेरिकन चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांना आपण सर्रास कॉमिक्स म्हणतो त्यांच्या, मासिक मालिकांच्या मधून निघणारे एकेकटे विशेष अंक हे ते उदाहरण होय. तिकडे त्यांना ‘वन-शॉट’ म्हणतात. मराठीत त्यांना ‘स्फुट अंक’ म्हणावे असे मी सुचवीन. हाच शब्द का, ते पुढे येईल.

आधी थोडे गणित पाहू. अमेरिकेत चित्रकथांची विक्री १९७० च्या दशकापासून हळूहळू वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवरून केवळ चित्रकथा विकणाऱ्या दुकानांकडे सरकली. टपरीवाला न खपलेले अंक परत करू शकत असे. या नव्या दुकानदाराला ती सोय नव्हती. तो काही महिने आधी सूची पाहून मागणी नोंदवणार, अधिक सवलतीने माल घेणार आणि उरलेला माल त्याच्याच माथी बसणार, असा हा व्यवहार होता. नवे अंक दुकानात येण्याचा वार पुढे बुधवार असा ठरून गेला. प्रत्येक मासिक मालिकेला महिन्यातला पहिला, दुसरा, तिसरा किंवा चौथा बुधवार नेमून दिलेला असे आणि वाचकालाही तो पाठ असे. बारा महिन्यांचे प्रत्येकी चार धरले की ४८ बुधवार होतात. वर्षात बुधवार असतात ५२, क्वचित ५३. म्हणजे चार-पाच बुधवार असे उरतात की ज्यांच्यावर कोणत्याही मालिकेचा हक्क नाही. त्या दिवशी वाचकाला दुकानात येण्याचे कारण नसते. दुकानाचे भाडे मात्र त्याही आठवड्याचे चढत असते. या रिकाम्या बुधवारांसाठी प्रकाशकांनी स्फुट अंकांचे संच काढावयास सुरुवात केली. व्यवसायात त्यांना ‘पाचव्या आठवड्याचे उपक्रम’ असेच रोकडे नाव पडले. ‘डीसी’ या प्रकाशनसंस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते वारंवार योजले.

आपल्याला ही कल्पना अपरिचित वाटू नये. चांद्र आणि सौर वर्षांच्या हिशेबात जी तूट येते ती भरून काढण्यासाठी आपले पंचांग अधिक मास घालते. तो आधी मलमास म्हणून मंगलकार्यांना वर्ज्य ठरला, मग पुरुषोत्तम मास झाला आणि त्याचे स्वतंत्र माहात्म्यही रचले गेले. हिशेबातून उरलेल्या काळाला स्वतःची कथा लागते. पाचव्या बुधवारालाही ती लागली.

ऑक्टोबर १९९७ या पाच बुधवारांच्या महिन्यात डीसीने ‘टँजेंट कॉमिक्स’ या शीर्षाखाली नऊ स्फुट अंक प्रसिद्ध केले. मूळ कल्पना डॅन जर्गन्स यांची. जुन्या व्यक्तिरेखांची नावे तेवढी ठेवावयाची आणि नावाखेरीज सर्व काही टाकून द्यावयाचे, एवढाच नियम होता. त्यानुसार ‘ग्रीन लँटर्न’ हा अंतराळाचा अंगठीधारी रक्षक राहिला नाही. ती कंदील घेऊन येणारी एक गूढ स्त्री झाली, जिच्या कंदिलाच्या प्रकाशात मृत माणसे आपले अपुरे राहिलेले काम पुरे करण्यासाठी थोडा काळ परत येतात. ‘जोकर’ हा खलनायक सत्तेची टवाळी करणाऱ्या नायिकेत रूपांतरित झाला. या अंकांमागे एक पर्यायी इतिहासही होता. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात अण्वस्त्रे खरोखरच वापरली गेली आणि क्यूबा व फ्लोरिडा नष्ट झाले, अशी ती कल्पना. हे सारे नियमित मालिकेत करता आले असते काय? माझ्या मते आले नसते. नियमित मालिकेचा संपादक हा एका अर्थाने विश्वस्त असतो. गेल्या महिन्याचा वाचक पुढल्या महिन्यात परत यावा हे त्याचे पहिले कर्तव्य. पाचव्या बुधवाराला मागचा महिना नाही आणि पुढचाही नाही. त्यामुळे ज्या नावांवर साऱ्या व्यवसायाची मदार, ती नावेच पोकळ करून पाहण्याची मोकळीक येथे मिळाली. मला तर यात नामाचे आणि आशयाचे नाते तपासणारा एक प्रयोगच दिसतो. त्यातील सर्व अंक सारख्या योग्यतेचे आहेत असे मात्र कोणी म्हणणार नाही.

रिकामी जागा नेहमी दिनदर्शिकेतच सापडते असे नाही. दोन अंकांमधली फटही पुरते. १९९६ मध्ये डीसी आणि तिची प्रतिस्पर्धी ‘मार्व्हल’ यांनी मिळून चार भागांची एक मालिका काढली. तिच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागांच्या मधे ‘अमाल्गम’ नावाने बारा स्फुट अंक आले, दोन्ही संस्थांचे सहा-सहा. दोन्ही विश्वे एकमेकांत मिसळून गेली आहेत, बॅटमन आणि वुल्व्हरिन मिळून ‘डार्क क्लॉ’ झाला आहे, असे त्यांचे स्वरूप होते. मिश्रणाची गंमत आहेच. परंतु मला अधिक लक्षणीय वाटते ती दुसरी गोष्ट. या अंकांनी आपण फार जुन्या मालिकांचे पुढचे भाग असल्याचा आव आणला. कधीही न निघालेल्या मागील अंकांचे हवाले देणाऱ्या संपादकीय तळटीपा त्यांत आहेत आणि न झालेल्या वाचकांची पत्रेही छापली आहेत. म्हणजे एका दिवसापुरत्या प्रकाशनाने दीर्घ परंपरेचे सोंग घेतले, आणि ते सोंग घेताना नियतकालिकाच्या ज्या बाह्य खुणा आपण कधी वाचतच नाही त्यांनाच कथनाचे साहित्य बनविले.

वेळापत्रक कथनात उतरण्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे १९९८ मधील ‘डीसी वन मिलियन’. ग्रँट मॉरिसन यांनी लिहिलेल्या चार भागांच्या या कथेच्या काळात नियमित मालिकांनी महिनाभर आपला क्रम सोडला आणि त्या महिन्याच्या अंकांवर क्रमांक छापला दहा लाख. कथा घडते ८५३ व्या शतकात. हे शतक कोठून आले? ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ चा. दरमहा एक या गतीने दहा लाख अंक व्हावयास ८३ हजारांहून अधिक वर्षे लागतात. ती १९३८ मध्ये मिळविली की आपण ८५३ व्या शतकात पोहोचतो. प्रकाशनाच्या नियमिततेवर प्रकाशकाची जी श्रद्धा, तिचेच हे कालविश्व झाले आहे.

एवढे म्हटल्यावर या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९८ मध्येच डीसीने ‘गर्लफ्रेन्झी’ या नावाखाली स्त्रीव्यक्तिरेखांवर सात स्फुट अंक काढले. त्यांची शीर्षके पाहण्यासारखी आहेत : ‘सुपरमॅन : लोइस लेन’, ‘बॅटमन : बॅटगर्ल’. बाईचे नाव विरामचिन्हानंतर येते. ज्या लोइस लेनच्या नावाची स्वतंत्र मालिका १९५८ ते १९७४ अशी दीर्घकाळ चालली (तिच्याही शीर्षकात ती सुपरमॅनची मैत्रीण होती, हे खरेच) तिच्या वाट्याला आता एक उरलेला बुधवार आला. मोकळीक आणि अडगळ यांची जागा पुष्कळदा एकच असते, हे येथे दिसते. पाचव्या बुधवारी कोणाला बोलावले जाते यावरून उरलेल्या चार बुधवारी कोणाला जागा नाही तेही कळते. वेळापत्रकाच्या अभ्यासाचा स्त्रीवादी समीक्षेला उपयोग व्हावा तो असा.

आक्षेप असा येईल की हा सारा विक्रीचा खटाटोप आहे आणि त्यात वाङ्मयीन मूल्ये शोधणे म्हणजे व्यापाऱ्याची वकिली करणे. आक्षेपातील तथ्य मी नाकारीत नाही. १९८४-८५ ची मार्व्हलची ‘सीक्रेट वॉर्स’ मॅटेल कंपनीच्या खेळण्यांशी जोडलेली होती, आणि तिचा १९८५-८६ मधील उत्तरभाग तर इतर अनेक मालिकांच्या अंकांत शिरला. एक गोष्ट पुरी वाचावयाची तर न वाचल्या जाणाऱ्या मालिकाही विकत घ्याव्या लागाव्यात, अशी ती रचना. परंतु या उदाहरणातून माझाच मुद्दा बळकट होतो. येथे विशेष कथेने नियमित मालिकेची जागा बळकावली. टँजेंटमध्ये ती जागा मुळातच मोकळी होती. दोन्हींमागे विक्रीचीच प्रेरणा असताना परिणाम इतका भिन्न झाला, तर फरक प्रेरणेत शोधून उपयोग नाही. तो वेळापत्रकातील स्थानात आहे. ‘बाजारूपणा’ या एका शब्दाने दोन्हींची बोळवण करणारी समीक्षा हा फरक पाहूच शकत नाही.

आता ‘स्फुट’ या शब्दाविषयी. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले. त्यांच्या कादंबऱ्या तेथे क्रमशः चालत, आणि त्यांच्या सोबत त्याच अंकांत ते ‘स्फुट गोष्टी’ लिहीत. मराठी कथेच्या इतिहासात या गोष्टींचे स्थान आपण शिकवतो. परंतु ‘स्फुट’ हे विशेषण क्रमशःच्या विरोधात उभे आहे, ते प्रकाशनाच्या लयीचे वर्णन आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. आपण ते नम्रतादर्शक समजून पुढे जातो. तीच गोष्ट दिवाळी अंकाची. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा नियमित अंकांच्या मालिकेत वर्षातून एकदा येणारी एक मोठी जागा निर्माण झाली. दिवाळी अंकासाठी लिहिलेली कादंबरी, तिची ठराविक पृष्ठमर्यादा, तिचा न हलणारा दिवस आणि तीच पुस्तकरूपात येताना तिच्यात झालेली वाढ किंवा काटछाट, यांवर सलगपणे लिहिलेले संशोधन आपल्याकडे किती आहे? दिवाळी अंकांवर प्रबंध होतात, पण ते बहुधा विषयवार वर्गीकरणाचे असतात. सामाजिक कथा इतक्या, ग्रामीण इतक्या, विनोदी इतक्या. अंक बाजारात केव्हा आला, लेखकाकडे किती दिवस होते आणि त्या मुदतीचा कथेच्या शेवटावर काय परिणाम झाला, हे कोणी विचारीत नाही.

विचारावयाचे ठरविले तरी साधने हाताशी हवीत. ग्रंथालयात मासिकांचे अंक बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली. त्यामुळे बांधीव खंडात मजकूर उरतो, पण अंक उरत नाही. चित्रकथांच्या अभ्यासकांनाही ही अडचण वेगळ्या रीतीने येते. डीसीच्या ‘न्यू इयर्स ईव्हिल’ या खलनायकांच्या स्फुट अंकांवर फेब्रुवारी १९९८ असे छापले आहे. दुकानात ते डिसेंबर १९९७ मध्ये आले, तोही पाच बुधवारांचा महिना. त्यांपैकी ‘प्रोमीथियस’ हा मॉरिसन यांचाच अंक. त्यात एका नव्या खलनायकाचे पूर्वचरित्र आले आणि पाठोपाठ तो ‘जेएलए’ या नियमित मालिकेत अवतरला. पुढे तो अंक त्या मालिकेच्या संग्रहात घेतला गेला, आणि आज संग्रह वाचणाऱ्याला तो मालिकेचे एखादे प्रकरण असल्यासारखाच भासतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत जी लेखनसूची जोडलेली असते तिच्यात पुस्तकाच्या आवृत्तीचे साल असते. क्वचित नियतकालिकाचे नाव असते. मार्गदर्शकांनी तिच्यात आणखी दोन रकाने आखून द्यावेत : अंकावर छापलेली तारीख आणि अंक वाचकाच्या हाती पडला ती तारीख. दुसरा रकाना भरण्यासाठी जाहिराती, पोच, पत्रव्यवहार असे बरेच काही चाळावे लागेल, आणि मुखपृष्ठासह जपलेला अंक कोठे आहे त्याचा शोधही घ्यावा लागेल.